माझ्या पोटावरचे पहिले अक्षर

माझ्या पोटावर एक नाव कोरलेले आहे, आणि त्याचे पहिले अक्षर चुकीचे आहे. मित्रांनो, मी पितळेचे जुने पातेले. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका घरात, स्वयंपाकघराच्या फळीवर असते. माझी सगळी कथा त्या एका अक्षराची आहे.

तांबटाने ठोकून ठोकून मला घडवले. धोंडुबाईने मला दुकानातून घेतले, तेव्हा तिच्या हातात एक परातही होती. तिचे सासरे आकाराम नुकतेच वारले होते. त्यांच्या आठवणीसाठी परात देवळात द्यायची होती. दुकानाच्या दारात नाव घालणारा बसला होता. त्याने छिन्नीने ठिपके मारत परातीवर 'कै. आकाराम' असे घातले. धोंडुबाईला अक्षर ओळखू येत नव्हते, पण ती ठिपक्यांची ओळ तिला फार आवडली. तिने मला पुढे केले.

"ह्याच्यावर धोंडुबाई घाला. पर हुबेहूब तसंच पायजे. एक टिंब कमी नको."

धोंडुबाई म्हणजे समोर उभी असलेली बाईच, हे त्याला काय ठाऊक? त्याने मान खाली घालून हुबेहूब तसेच घातले. ती मला डोक्यावर घेऊन हसत घरी आली.

पुढची वर्षे माझी भरल्या पोटी गेली. थंडीत हुलग्याचे गरम, पातळ माडगे, रविवारी मटणाचा अळणी रस्सा, एरवी घुगऱ्या. रस्सा उकळायला लागला की गल्लीतून जाणारा माणूस पाऊल हळू करायचा. धोंडुबाईचा मुलगा अमरसिंह माझ्यातलेच खाऊन मोठा झाला. तो शाळा शिकला, पण माझ्या आत काय आहे एवढेच त्याने पाहिले. घासणारीला वाचता येत नव्हते आणि ज्याला वाचता येत होते त्याने कधी भांडे घासले नाही.

मग मोना सून म्हणून घरात आली. पहिल्याच दिवशी मला राखेने घासताना तिचा हात थांबला. ओठ हलले. "कैलासवासी धोंडुबाई." इतकी वर्षे मी काय मिरवत होते, ते मला तेव्हा कळले. भर उन्हात मी गार पडले. चुलीपुढे एक बाई भाकरी थापत होती आणि माझ्या पोटावर तीच बाई मेलेली होती.

मोना कुणाला काही बोलली नाही. तिने मला माळ्यावर टाकले, नावाची बाजू भिंतीकडे करून.

"आता कुकर हाय की, आत्या," ती म्हणाली.

धोंडुबाईचा चेहरा उतरला. सुनेला आपल्या भांड्याचा विटाळ वाटतो, असे तिने मनात घेतले. तिथून बारा वर्षे दोघी कामापुरत्या बोलल्या.

माळ्यावर मी अंधारात पडून असे. खाली धोंडुबाई खोकली की मला वाटे, अक्षर खरे होणार. ती गप्प असली की वाटे, झाले. तिच्या बांगड्या वाजल्या की जिवात जीव येई.

तिच्या पायाला भिंगरी होती. दुपारी ती रंकाळ्याकडे फिरून यायची आणि ओच्यातून झाडाखालच्या चिंचा, कधी मोराचे पीस, कधी गुळगुळीत गोटा आणायची. एकदा तर बैलाच्या गळ्यातली घंटी सापडली होती. ती बाहेर गेली की मोना स्टुलावर चढून मला खाली काढी आणि चिंच-राखेने ते एकच अक्षर घाशी. छिन्नीचा घाव खोल असतो. अक्षर हटत नव्हते, चिंच मात्र संपत होती.

"एवढी चिंच जाती कुठं गं? जयसिंगपूरला म्हायेरी धाडतीस व्हय?"

"आमटीत लागती, आत्या."

"आमटी तर गुळचट असती तुझी!"

मला ओरडून सांगावेसे वाटे. पण कुणी ठोकल्याशिवाय पातेल्याला आवाज नसतो.

नात अनुजा शाळेत जाऊ लागली आणि तिच्या पाटीवर धोंडुबाई म्हातारपणी अक्षरे शिकली. मग तिचे फिरणे लांबले. प्रत्येक दुकानाची पाटी वाचल्याशिवाय ती पुढे जाईना. एकदा अनुजाला खोकला झाला. "कुकरात माडगं शिजतंय व्हय कुठं!" म्हणत धोंडुबाईने स्वतः मला खाली काढले. आतली कल्हई उडाली होती. ती करून घ्यायला ती मला काखेत मारून शाहूपुरीकडे निघाली.

"आत्या, ऱ्हाऊ दे ते!" मोना पिठाच्या हातानेच दारापर्यंत धावली.

"का ऱ्हाऊ दे? माझं हाय ते!"

वाटेत दमून ती एका दगडी बाकावर बसली. बाकावरची अक्षरे तिने लावून वाचली आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारले, "पावणं, ह्यो कै कोण वो? पाण्याच्या टाकीवर कै, बाकड्यावर कै. घराणं लय मोठं दिसतंय."

म्हातारा हसून हसून खोकायला लागला. "अक्का, आडनाव न्हवं ते. कैलासवासी. माणूस मेलं की नावाम्होरं लावत्यात."

तीही हसली. हसता हसता तिची नजर मांडीवरच्या माझ्याकडे गेली. तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवले. मग पुढच्यांवर. धों. डु. बा. ई. माझ्या अंगावरचा तिचा तळवा गार झाला. तिने हात उलटासुलटा करून पाहिला.

"मी बसलीया न्हवं हितं?" तिने हळूच विचारले. "दिसतीया न्हवं तुमास्नी?"

"दिसतासा की," म्हातारा गोंधळून म्हणाला.

तिने पुन्हा बोट फिरवले. बाकीची अक्षरे बोटाला खरखरीत लागत होती. पहिले मात्र गुळगुळीत, झिजलेले. तिने बोट नाकाशी नेले. चिंचेचा वास आला. कल्हईला न जाता ती घराकडे वळली.

मोना दारातच होती.

"चिंच कुठं जाती ते कळलं मला," धोंडुबाई म्हणाली.

मोना उंबऱ्यावर बसली आणि रडू लागली. "तोंडानं कसं सांगू, आत्या? बोलले आन् खरं झालं तर?"

"येडी का खुळी तू! आन् मी म्हणत हुते, तुला माझा इटाळ वाटतोय." धोंडुबाई तिच्या शेजारी टेकली. मी दोघींच्या मधे होते.

दुसऱ्या दिवशी दोघी मला घेऊन गेल्या. कल्हईवाला म्हणाला, ते अक्षर ठोकून बुजवतो. धोंडुबाईने मान हलवली. "नगं. अर्धं सुनंनं पुसलंय. ऱ्हायलेलं तीच पुसंल." त्या दिवशी अनुजा दोन वाट्या माडगे प्यायली.

धोंडुबाईला जाऊन आता दोन वर्षे झाली. माझ्यात माडगे शिजू लागले की चुलीपाशी बांगड्या वाजल्यासारख्या वाटतात. मोनाही मान वळवून बघते.

"आई, आता कशाला घासतीस?" अनुजा विचारते. "आता ते बरोबरच हाय की."

मोना चिमूटभर राख घेऊन पुन्हा त्याच अक्षरावर बोट फिरवते.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर असे एखादे भांडे असेल, तर मोडीत देण्याआधी ते उजेडात धरा. त्यावरचे नाव बोटाने वाचा. एखादे अक्षर झिजलेले लागले, तर ते कुणी झिजवले, हे घरात विचारा. सांगणारे माणूस आहे तोवरच विचारा.

माझ्या 'कै'ची एक मात्रा पुरती गेली आहे. दुसरी अजून दिसते. मोनाने चिंच भिजत घातली आहे.