रिकाम्या गाडीचं वजन

बाबागाडीच्या चाकाची खूण बर्फात तीन सेंटिमीटर खोल होती. दीक्षाने खिशातली स्टीलची पट्टी काढून शेजारची खूणही मोजली. तीही तीन. पहिली तिच्या गाडीची. आत सात किलोंची अनिका, तिची लेक. दुसरी खालच्या मजल्यावरच्या मिसाकीच्या गाडीची, आणि ती गाडी रिकामी होती. काल बसस्टॉपवर तिच्यावरचं ठिपक्याठिपक्यांचं ब्लँकेट वाऱ्याने उडालं, तेव्हा दीक्षाने स्वतः पाहिलं होतं.

मिसाकी तेवीस वर्षांची. पिवळेधमक केस, जाड खोट्या पापण्या, खडे चिकटवलेली इंचभर नखं. अशा मुलींना जपानात ग्यारू म्हणतात, हे तिनेच सांगितलं होतं. आई झाल्यावरही तिने तो थाट सोडला नव्हता.

"ती नखं घेऊन पोराला आंघोळ कशी घालते गं? सोलून काढत असेल!" दीक्षाच्या सासूबाई, कांताबाई, खिडकीतून बघत म्हणायच्या.

शनिवारी त्या अनिकाला घेऊन नागपूरला जाणार होत्या. दोन वर्षांसाठी, दीक्षाचं संशोधन संपेपर्यंत. इथल्या, अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या, ओळखीच्या तीन घरांनी असंच केलं होतं. तिकिटं काढून महिना झाला. नवरा, कुशल, अधूनमधून विचारायचा, "फायनल ना?" दीक्षा म्हणायची, "बघू."

गुरुवारी संध्याकाळी मिसाकी खाली लाँड्रीत भेटली. ड्रायरमधून ती तान्ह्या बाळाचे मोजे काढत होती.

"तुझा मुलगा कुठे असतो?" दीक्षाने विचारलं.

"ओसाकाला, माझ्या आईकडे. सगळे म्हणाले, असली नखं मिरवणारी मुलगी मूल काय सांभाळणार! मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही." मिसाकीने मोज्यांची जोडी जुळवली. "आधी मुलाचं वजन त्याच्यापासून सुटतं, मग मूल जातं. माझ्या मुलाचं वजन गाडीतच राहिलं. तू तुझ्या गाडीकडे लक्ष ठेव."

शुक्रवारी सकाळी ताजा बर्फ पडला होता. दीक्षा अनिकाला गाडीत घेऊन कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळली. तिच्या बुटांचे ठसे स्पष्ट होते. त्यांच्या पुढे, जिथून गाडी गेली होती तिथे, बर्फ जसाच्या तसा होता. पट्टी लावायला काही नव्हतंच. अनिका जागी होती, तिच्याकडे टक लावून बघत होती. दीक्षाने तिला उचललं. अंग गरम होतं, पण हातांना भार जाणवला नाही.

ती जवळजवळ धावतच घरी आली.

हॉलमध्ये कांताबाई अनिकाची बॅग हातकाट्याला लटकवून उभ्या होत्या. "अगं, हा काटा बिघडला की काय? चार झबली, दोन स्वेटर नि दुपटी. काल तीन किलो भरली होती, आज दहा दाखवतोय!"

कुशल लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "बॅटरी बदल ना, आई."

दीक्षाने अनिकाला छातीशी घट्ट धरलं, दुसऱ्या हाताने बॅगेची चेन उघडली आणि पहिलं झबलं बाहेर काढलं.

"आई, अनिका येणार नाही तुमच्याबरोबर. ती माझ्याजवळच राहील."