बिनबटणाची जागा

मित्रांनो, कमरेला रबर बँड बांधलेला, सेलचं झाकण हरवलेला आणि अंगावरचे आकडे पार पुसले गेलेला असा मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे, बरं का. टीव्हीचे रिमोट मोठे मिजासखोर असतात. मी व्हिडिओ साठवून ठेवणाऱ्या यंत्राचा रिमोट, आणि स्वभावानं भित्रा. माझी हकीकत ऐकलीत तर तुम्हीच म्हणाल, याला भिण्यावाचून दुसरं काम तरी काय होतं?

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथली एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळं घडलं. आम्हा सगळ्या भावंडांच्या पोटात एकाच नमुन्याची सर्किटची हिरवी पट्टी बसवायचे, वरचं कवच मात्र वेगवेगळं. माझ्या कवचाला भोकं कमी, म्हणून बटणंही कमी. त्यामुळं आतल्या पट्टीवर तीन जागा अशा राहिल्या, की वर बटण नाही, पण जागा जिवंत आहे. ते छुपे हुकूम कारखान्यातल्या माणसांपुरते होते. डावी जागा दाबली की यंत्र नुसते रंगीत पट्टे दाखवतं. उजवी दाबली की यंत्राला पडलेलं कुलूप निघतं. आणि मधली दाबली, की यंत्राच्या पोटातलं सगळं चित्र, सगळा आवाज पुसून जातो. एकदा विचारतसुद्धा नाही! तपासणी झालेलं यंत्र कोरं करून खोक्यात भरायचं, त्यासाठी ती सोय होती. मला हे जन्मापासून ठाऊक आहे, सांगता मात्र येत नाही. माझं बोलणं म्हणजे माणसाला न दिसणारा उजेड, आणि तो फक्त यंत्राला कळतो.

मस्कतला नोकरी करणाऱ्या सुभाषमामांनी आम्हा दोघांना, म्हणजे यंत्राला आणि मला, जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला आणलं. त्यांच्या बहिणीला, कुशाबाईंना, ती भेट होती. काय कौतुक झालं माझं! कुशाबाईंनी मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवीवरूनच बटणं दाबायची असा घरात नियम केला. पाहुणे आले की, "मामानी मस्कतवरनं आणलाय," असं सांगून मला हातोहात फिरवायचे.

कुशाबाईंचे मालक चिमाजी. आमच्याकडे बैलगाडा ज्या चढावरून पळतो त्याला घाट म्हणतात, आणि त्या घाटात माइक हातात घेऊन बारी, म्हणजे गाड्याची एकेक धाव, पुकारायला चिमाजींसारखा माणूस नव्हता. "गाडा सुटला मंडळी, सुटला! कडेचं पावणं, फेटा सांभाळा, बैलाला तुमचा पत्ता म्हाईत न्हाई!" असं म्हणत त्यांचा आवाज बैलांच्या पुढं धावायचा. गाडा वर पोचला की ते एकच शब्द लांबवून म्हणायचे, "झाऽऽली!" आणि सगळा घाट टोप्या उडवायचा. एका यात्रेला सुभाषमामांनी कॅमेऱ्यात हे सगळं टिपलं आणि आमच्या यंत्राच्या पोटात उतरवून ठेवलं. त्याची दुसरी प्रत कुणी काढली नाही. घरातच आहे की, कुठं पळून जातंय!

मग शर्यतींवर बंदी आली, घाट ओस पडला. घराघरात मोबाइल आले. मी टेबलाच्या खणात गेलो, पिशवीसकट. यंत्र देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर तसंच बसून राहिलं. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला, कुशाबाई ट्रॅक्टरला, विहिरीवरच्या मोटारीला आणि त्या यंत्राला न चुकता गंध-कुंकू लावायच्या. मी खणात पडून घंटी ऐकायचो आणि मनातल्या मनात कुढायचो. माझी कुणाला आठवण व्हायची नाही.

बंदी उठली, घाट पुन्हा भरायला लागले, आणि त्याच वर्षी चिमाजींना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द मात्र ओठापर्यंत येऊन अडायचा. एवढा बोलका माणूस ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसू लागला. ज्यांनी जन्मभर घाट बोलता ठेवला त्यांना पाणी मागायला बोट दाखवावं लागे, आणि त्याची त्यांना लाज वाटे. पुढं पुढं ते पाणीच मागेनासे झाले. आळेफाट्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, यांचा स्वतःचा जुना आवाज कुठं असेल तर रोज ऐकवा, त्याच्याबरोबर शब्द निघायचा संभव आहे, पण फार उशीर करू नका.

झालं! चिमाजींचा मुलगा सोपान याला यंत्र आठवलं. मला खणातून काढलं, नवे सेल घातले. यंत्राला वीज मिळाली आणि त्यानं तोंडावर 'लॉक' अशी अक्षरं दाखवली. इतकी वर्षं पडून त्याच्या डोक्यात काय बिघडलं, देव जाणे. माझी सगळी बटणं दाबून झाली, यंत्र ढिम्म. सोपान आम्हा दोघांना आळेफाट्याला अमृत नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. अमृतनं मला उघडलं. तीन बिनबटणाच्या जागा पाहिल्या आणि म्हणाला की यातल्या एका जागेनं कुलूप निघतं, पण एकीनं आतलं सगळं पुसलं जातं असंही त्यानं ऐकलंय. कुठली कुठली, ते त्याला ठाऊक नव्हतं. "माझ्या हातानं मी न्हाई करणार, भाऊ," तो सोपानला म्हणाला. "तुमच्या वडलांचा आवाज हाय. तुमचं तुमी ठरवा."

घरी आल्यावर वाद सुरू झाला. सोपान नको म्हणत होता. त्याची बायको आरती म्हणाली, कुलपात ठेवून तरी काय उपयोग, मामंजी रोज थोडे थोडे मुके होतायत. शेवटी कुशाबाईंनी मान हलवली. दुपारी ओसरीवरून चिमाजींना आत आणून खुर्चीवर बसवलं. बटण नसलेली जागा नुसत्या बोटानं लागत नाही, म्हणून आरतीनं चॉकलेटचा चांदीचा कागद बोटाला गुंडाळला आणि माझ्या उघड्या अंगावर टेकवला. आधी डावी जागा. काहीच नाही.

मग तिचं बोट मधल्या जागेवर आलं. मित्रांनो, मी काय करू? दाबलं की बोलायचं, हा माझा जन्माचा धर्म. नको, नको म्हणत मी तो हुकूम सोडला आणि आता सगळं संपलं असं समजून बसलो. यंत्र जागचं हललं नाही. 'लॉक' तसंच. मग उजवी जागा. तिनं तर कुलूप निघायलाच हवं होतं! तेही निघालं नाही. माझ्या जीवात जीव आला आणि त्याच क्षणी गेलाही. म्हणजे मीच मेलो होतो की काय?

सोपाननं मला भंगारात टाकायची भाषा केली. आरतीला मात्र चैन पडेना. तिनं मोबाइलचा कॅमेरा माझ्या तोंडापुढं धरून बटण दाबलं. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा माझा उजेड कॅमेऱ्यात जांभळा चमकला. मग ती यंत्राजवळ गेली आणि वाकून पाहू लागली. यंत्राच्या तोंडावर एक काळी काच असते. माझा उजेड तिथूनच आत जातो. वर्षानुवर्षांचं गंध आणि कुंकू त्या काचेवर थरावर थर बसून वाळलं होतं. कुशाबाईंना ते यंत्राचं कपाळ वाटायचं.

"आई, डोळं बुजवलं की तू त्याचं," सोपान चिडून म्हणाला.

 पदराचं टोक ओलं करून कुशाबाईंनी काच पुसायला घेतली.  पण मी सांगतो तुम्हाला, मघाशी तेच कुंकू आड आलं नसतं तर चिमाजींचा आवाज कायमचा गेला असता. हे त्या घरात कुणालाच कळलं नाही. आणि आता काच स्वच्छ झाली होती. आता प्रत्येक हुकूम पोचणार होता. आरतीनं पुन्हा चांदीचा कागद गुंडाळला आणि पुन्हा डावीकडूनच सुरुवात करायला बोट नेलं. डावीनंतर मधली! माझ्यात ओरडायची ताकद असती तर मी वाडीभर ऐकू जाईल असा ओरडलो असतो.

"आरते, थांब," कुशाबाई म्हणाल्या. "डावीकडनं कुणी शुभ काम करतं का? उजवीकडनं घे."

आरतीच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, तिला हे पटलं नव्हतं. पण सासूचे डोळे भरून आले होते. आत्ताच बोलणी खाल्लेल्या माणसाचं एवढं तरी ऐकावं, म्हणून ती म्हणाली, "बरं, आत्याबाई," आणि तिनं उजवी जागा दाबली.

'लॉक' गेलं. सोपाननं माझं चालू करायचं बटण इतक्या जोरात दाबलं की मला अजून तिथं दुखतं. टीव्हीच्या पडद्यावर धुरळा उठला, बैल उधळले, आणि चिमाजींचा जुना दणदणीत आवाज घरभर झाला. खुर्चीतले चिमाजी पुढं झुकले. पडद्यावरचा गाडा चढ चढत गेला तसे त्यांचे ओठ हलू लागले. गाडा वर पोचला. आतल्या चिमाजींनी पुकारा केला, आणि त्यांच्यामागून, जरा उशिरानं, जाड जिभेनं बाहेरचे चिमाजी म्हणाले, "झा...ली."

कुशाबाईंच्या हातात अजून कुंकवानं लाल झालेला पदर होता. "काय म्हनलात?" त्यांनी विचारलं.

"झाली," चिमाजी म्हणाले.

त्या दिवसापासून मी पुन्हा कामावर आहे. रोज दुपारी चिमाजी डाव्या हातानं मला उचलतात आणि स्वतःच्याच आवाजाबरोबर बोलायला शिकतात. आता ते पाणी मागतात, तोंडानं मागतात. 'कुशे' म्हणतात. परवाच्या खंडेनवमीला कुशाबाईंनी यंत्राच्या पाठीवर कुंकू लावलं, आणि मलाही लावलं, तेही पाठीवरच. मी कृतार्थ झालो. पण माझी धाकधूक गेलेली नाही. कवच मिटून वर रबर बँड घातला, एवढंच. मधली जागा माझ्या पोटात तशीच जिवंत आहे. यंत्र म्हातारं झालंय, मधूनच गुरगुरतं. आणि आनंदाच्या भरात त्या आवाजाची दुसरी प्रत काढायची अजून कुणाला आठवण झालेली नाही. उद्या बघू, म्हणतात.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी विनवतो. तुमच्या घरात एखादा आवाज एकाच यंत्रात राहिला असेल तर तो आजच दुसरीकडे उतरवून घ्या. आणि कधी बोरी बुद्रुकला आलात तर आमच्या आरतीलाही तेवढं सांगा. मला बोलता येत नाही. आणि चिमाजींना अजून एवढं लांब वाक्य जमत नाही.