जाळाकडची बाजू

त्या रविवारी सकाळी बाबा अंगणात टोमॅटो चिरत होता आणि मी तेलाची बाटली माझ्याकडे ओढून घेतली होती. ट्रेमध्ये दोन मासे आडवे ठेवले होते. भोवती बटाटे, कांदे, झुकिनी, वर लिंबाच्या चकत्या.

"मासा समुद्रातून आलाय, वाळवंटातून नाही," बाबा म्हणाला. "घाल की थोडं तेल."

"घातलंय. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं."

"तो डॉक्टर अजून दाढी करायला शिकतोय. त्याला माशातलं काय कळतं?"

"तुझ्या हृदयातलं कळतं."

"आणि मीठ?"

"ऑलिव्ह आहेत ना. त्यातलं पुरे."

त्याने टोमॅटोची शेवटची चकती माशाच्या डोळ्यावर ठेवली. त्याला आमची भांडणं दिसू नयेत म्हणून, असं तो दर रविवारी म्हणायचा. मग त्याने दर रविवारचा दुसरा प्रश्न विचारला.

"अर्गिरो, अथेन्सला कधी जाणार तू?"

त्याला हृदयाचा झटका आला तेव्हा मी अथेन्सच्या प्रकाशनातली मुद्रितं तपासायची नोकरी सोडून इथे, लेरोस बेटावर, त्याच्याकडे आले होते. त्याला बरं वाटू लागल्यावरही परत गेले नव्हते.

"गोळी घेतलीस का?" मी विचारलं. माझं उत्तर नेहमी हेच असायचं.

त्याने ट्रेच्या एका कडीला निळा दोरा बांधला. घरात विजेची भट्टी होती, पण तिच्यात मासा शिजत नाही, नुसता घामेजतो, हे त्याचं मत. रविवारी पाव निघाले की स्तामाताकाकू आपल्या बेकरीची भट्टी गल्लीतल्या ट्रेंना मोकळी करून द्यायची. सगळ्यांचे ट्रे सारखेच, म्हणून ज्याची त्याची खूण. बाबा ट्रे घेऊन उतार उतरून गेला आणि तो भट्टीत देऊन परत आला. दुपारी ट्रे घरी आणून आम्ही जेवलो. निळ्या दोऱ्याकडचे, माझ्या बाजूचे बटाटे नेहमीसारखे कडेने काळसर, कुरकुरीत झाले होते, त्याच्या बाजूचे फिकट. तो सगळं खाऊन झोपला.

सोमवारी सकाळी तो बूट घालायला बसला आणि उठलाच नाही.

दफनानंतरच्या जेवणात आमच्याकडे मासाच असतो. शेजारणींनी तो तेलात बुडवून केला होता. बाबाला आवडला असता. त्यानंतर बरेच दिवस घरात चूल पेटली नाही, लोक डबे आणून देत राहिले. मग डबे यायचे थांबले, आणि एका रविवारी मी स्वतःच ट्रे भरला. हाताला सवय होती, दोन मासे घेतले गेले. तेल मोजूनच घातलं. दोरा बांधून ट्रे बेकरीत नेला.

स्तामाताकाकूने मला जवळ घेतलं नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. तिने लांब दांड्याच्या फळीवर ट्रे घेतला आणि फिरवला.

"निळा दोरा जाळाकडे," ती स्वतःशीच म्हणाली.

"म्हणजे?"

"तुझी बाजू ती. तुला करपट लागतात ना बटाटे? तुझा बाप दर रविवारी बजावून जायचा. म्हाताऱ्याला वाटायचं मी विसरेन. इतकी वर्षं भट्टी काय झोपेत चालवली मी?"

दर वेळी मलाच चांगली बाजू मिळते, हा मला योगायोग वाटला होता.

"मी एकदा म्हटलं त्याला," काकू भट्टीचं दार लावत म्हणाली, "तुझ्या बाजूला घालते चमचाभर तेल, पोरीला पत्ता लागायचा नाही. तर नको म्हणाला. दुखणं वाढलं तर ती आणखी अडकेल म्हणाला. तिला जायचंय, माझ्यापायी राहिलीय." तिने एप्रनला हात पुसले. "जायचं होतं का गं तुला?"

मागे बायका ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी बाजूला झाले.

ट्रे घरी आणून अंगणातल्या टेबलावर ठेवला. काळसर बटाटे माझ्याकडे आले, फिकट त्याच्या खुर्चीकडे. माशाच्या डोळ्यावर टोमॅटो ठेवायचा राहिला होता.

भिंतीपलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिला ऐकू जाणार होतं. जाऊ दे.

"मला जायचं नव्हतं, बाबा," मी म्हणाले. "तू बरा झालास, तरी मी इथेच राहिले. मला तुझ्याजवळ राहायचं होतं."