घुबडरावांची डुलकी

गोदामावर रात्रपाळी करणाऱ्या त्या रखवालदाराला सगळे घुबडराव म्हणत, आणि घुबडरावांना त्याचा राग नव्हता. उलट कामावर नवा माणूस आला की ते आपणहून सांगत, "मला घुबडराव म्हण." गोदामात उंदीर हलला तरी यांचा डोळा उघडतो अशी त्यांची ख्याती होती. ती पसरवण्याचं बरंचसं काम त्यांनी एकट्यानंच केलं होतं.

बाळ झालं तशी त्यांनी रजा काढली. दवाखान्यातून घरी आल्यापासून बाळ पलंगावर दोघांच्या मध्ये झोपू लागलं. सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी येऊन राहिल्या होत्या. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन घुबडराव त्यांना रात्रीची हकिकत ऐकवत. "डोळ्याला डोळा लागला नाही बघा. त्यानं नुसतं तोंड हलवलं की मी जागा!" सासूबाईंना जावयाचं भारी कौतुक वाटे. बाळंतीण भिंतीला टेकून बसलेली असे आणि बाळाचे मोजे नीट करत असे.

एका सकाळी ती म्हणाली, "मला पलंगाला लावायचा पाळणा हवाय. आपल्या पलंगाला जोडता येतो तो. तीन बाजू बंद, एक आपल्याकडे उघडी."

घुबडरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"पिंजरा कशाला? मी आहे ना! अगं, मी पगार कशाचा घेतो? जागं राहण्याचाच ना?"

"मला हवाय," ती म्हणाली.

"पण का ते सांगशील?"

तिनं सांगितलं नाही. हट्टच धरला म्हणा ना. बाळंतिणीशी वाद घालायची सोय नसते, शिवाय सासूबाई लेकीच्या बाजूनं झाल्या. शेवटी ठरलं की सासू-जावयानं जाऊन बघून यावं, पसंत पडला तर आणावा. बघायचा आणि नापसंत करायचा, असं घुबडरावांनी मनाशी ठरवून चपला घातल्या.

दुकान मोठं होतं. एका कोपऱ्यात खराखुरा पलंग मांडून त्याला नमुन्याचे पाळणे लावून दाखवत होते. दुकानातल्या बाई अगत्यानं सगळं सांगत होत्या आणि घुबडराव एकेकात खोट काढत होते. चाकांचा होता तो रात्री पळून जाईल म्हणाले. जाळीच्या पाळण्यात डास शिरतील म्हणाले. जाळी असते ती डासांसाठीच, असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा ते म्हणाले, मग बाळाला हवा कुठून मिळणार? तिसरा साधा लाकडी होता. त्याच्या उघड्या बाजूला वीतभर उंचीची पट्टी होती आणि पलंगाखालून आवळायचे दोन जाड पट्टे. त्यात काही खोट सापडेना, तेव्हा त्यांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला.

"बाई, ज्यांची झोप गाढ, त्यांना हे विका. माझी झोप कुत्र्याची आहे. दाखवूच का?"

"जावईबापू, राहू द्या की," सासूबाई म्हणाल्या. पण सासूसमोर मागे हटेल तो जावई कसला? घुबडराव चपला काढून पलंगावर चढले. पाळण्यात एक बाहुली ठेवली होती, गिऱ्हाइकांना अंदाज यावा म्हणून नव्या बाळाच्या वजनाची. अंगात वाळू भरलेली, तोंड मऊ रबराचं. ती त्यांनी उचलून शेजारी घेतली.

"आता मी डोळे मिटतो. तुम्ही खुशाल फिरून या. परत येऊन बाहुलीला नुसतं बोट लावा, मी उठलो नाही तर विचारा."

सासूबाई आणि दुकानातल्या बाई हसल्या आणि पलीकडे दुपटी बघायला गेल्या.

आता यात घुबडरावांची एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. वेळ दुपारची होती. जो माणूस वर्षानुवर्षं रात्री जागतो, तो वर्षानुवर्षं दुपारी झोपतो, आणि मेलेल्यासारखा झोपतो. उंदरांची गोष्ट खरीच होती, पण ती खुर्चीवर बसल्या-बसल्याची होती. अंथरुणावर पाठ टेकली की त्यांचं काय होतं, हे पाहायला ते स्वतः कधी जागे नव्हते. गादी मऊ, गारवा बेताचा, कुठंतरी बारीक आवाजात गाणं लागलेलं.

त्यांना वाटलं, आत्ताच तर डोळे मिटले. मग खांदा कुणीतरी गदागदा हलवतंय असं जाणवलं.

"जागाच आहे मी!" ते ओरडले.

हशा पिकला. डोळे उघडून पाहतात तो पलंगाभोवती सहा-सात माणसं. एक जोडपं तर पोट धरून हसत होतं, आणि त्यातल्या बाईचं पोट चांगलं पुढे आलेलं होतं. कुणीतरी म्हणालं, "घोरणं पार जिन्यापर्यंत येत होतं हो!" घुबडराव कुशीवर वळलेले, तोंडातून लाळ आलेली. सासूबाई पायथ्याशी उभ्या. फजिती झाली खरी, पण हसून घालवता आली असती. घुबडराव हसायला लागलेही होते.

"बाहुली कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

दुकानातल्या बाईंनी त्यांना जरा सरकायला सांगितलं आणि त्यांच्या खांद्याखालून बाहुली ओढून काढली. ती पालथी नव्हती, उताणीच होती. तिचं रबराचं तोंड चपटं झालं होतं, नाक आत गेलं होतं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू वर येत होतं. हसणं थांबलं. पोटुशी बाई नवऱ्याचा हात धरून दुसरीकडे निघून गेली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. घुबडरावांना ते त्या दिवशी पटलं. सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा एरवी झोपेतही चालायचा, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर घुबडरावांनी आनंदानं खाल्ल्या असत्या. त्यांनी वाकून जावयाच्या चपला तेवढ्या पुढे सरकवल्या. सासूनं आपल्या चपलांना हात लावला, आणि आपल्याला 'अहो, राहू द्या' म्हणायचंही भान राहिलं नाही, या गोष्टीची लाज त्यांना नंतर वेगळी वाटली.

"मग कुठला दाखवू?" दुकानातल्या बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

घुबडरावांनी लाकडी पाळण्याच्या उघड्या बाजूची पट्टी हातानं दाबून पाहिली, मग तिच्यावर खांदा टेकून जोर दिला. पट्टी हलली नाही.

"हाच," ते म्हणाले. "यात माझा खांदा जात नाही."

घराकडे येताना खोकं त्यांच्या डोक्यावर होतं, त्यामुळे मान खाली घालायची सोय नव्हती. जिन्यात सासूबाई थांबल्या. "मी घरी काही सांगणार नाही हो, जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या. "माणूस दमतो. व्हायचंच."

घुबडरावांना वाटलं, त्यापेक्षा यांनी गावभर सांगितलं असतं तर परवडलं असतं.

बाळंतीण पलंगावर बाळाला पाजत बसली होती. खोकं पाहून ती चकित झाली.

"आणलात? मला वाटलं, तुम्ही हात हलवत परत येणार."

"जावईबापूंनीच पसंत केला," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "नीट पारखून घेतला हो."

घुबडरावांनी खोकं खाली ठेवलं. एवढ्यावर निभावलं असतं, पण 'पारखून' हा शब्द त्यांना टोचला.

"मी दुकानात झोपलो," ते म्हणाले. "बाहुली घेऊन. आणि तिच्यावर लोळलो. खरं बाळ असतं तर..."

ती हसली नाही, रडलीही नाही. बाळाला तिनं खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"मला माहितीये," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"दुकानातलं नाही हो. इथलं." तिनं गाउनची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा झाला होता. "तुम्ही वळता ना, म्हणून मी मध्ये हात आडवा ठेवते. रात्रभर."

सासूबाई पुढे येऊन तो हात निरखू लागल्या.

"मग मला उठवायचं ना!"

"रोज उठवते. 'हो हो' म्हणता, पलीकडे वळता, आणि घटकाभरात परत इकडे."

"तर मग सकाळी सांगायचंस तरी!"

"सकाळी तुम्ही आईला सांगत असता, रात्रभर तुम्हीच सांभाळलं म्हणून. इतके खुशीत असता. आईसमोर तुमचं तोंड कसं पाडू?"

घुबडरावांनी सासूबाईंकडे पाहिलं नाही, बायकोकडेही नाही. खाली बसून त्यांनी खोकं फोडलं. पाळणा तिच्या बाजूला लावला, पट्टे पलंगाखालून घेऊन आवळले, हलवून पाहिले, सोडून परत आवळले. कागदावर लिहिलेलं मोठ्यानं वाचत होते, कारण गप्प बसलं की घर फार शांत वाटत होतं. तिनं बाळाला पाळण्यात निजवलं आणि स्वतः आडवी झाली. "दुपटं जरा..." एवढं म्हणाली आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिला झोप लागली. घरी आल्यापासून तिला असं झोपलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कसं?

बाळ आता पलीकडे पाळण्यात होतं. तिचा हात मात्र सवयीनं अलीकडे आला होता, रिकाम्या गादीवर, कोपरात वाकवून आडवा. तो उचलून पांघरुणात घ्यावा म्हणून घुबडराव पलंगाशी वाकले. त्यांची बोटं लागताच झोपेतच तिचा हात ताठ झाला.

"सरका ना, अहो," ती पुटपुटली. "बाळ आहे."

घुबडराव पलंगावर नव्हतेच, खाली जमिनीवर उभे होते. तरी ते मागे सरकले.