बासरीला खुंट्या नसतात

"नाव लिहून पाठवलं मी. तूच लीडर," सुखदेव सर म्हणाले. "हर्षल गेला नागपूरला. बाकी कोणी तयार नाही."

"मीबी तयार नाही, सर. लीडर समोर उभा राहून नुसता ताल देते. मंग माझी बासरी?"

"तेच तं बरं हाये! दोन वर्सं झाले, तुझी बेसूर बासरी ऐकून राहिलो."

हिमानीनं बासरी पिशवीत सरकवली. या माणसाला एसटीचा हॉर्न आणि सनई यांतला फरक सांगायला एखादा शिपाई लागेल, अशी तिची खात्री होती. सौंसरच्या कॉलेजचा वाद्यवृंद मात्र त्याच्याकडे.

बेसूर होती ती पेटी. संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव यांनी ती दान दिली होती आणि समोर ऑइलपेंटनं आपलं नाव रंगवून घेतलं होतं, लांबून वाचता येईल एवढं. तिचे सूर कधीच उतरले होते. पण अध्यक्षांची पेटी उतरली, असं म्हणणार कोण? म्हणून तबला, व्हायोलिन, मेंडोलिन सगळे खाली ओढून तिच्याशी जुळवायचे. बासरीला खुंट्या नसतात. ती खरी राहायची आणि एकटी पडायची.

पांढुर्ण्याला जिल्ह्याचा कार्यक्रम होता. स्टेजमागे हिमानीनं बासरी काढली आणि एकच सूर धरला.

"याच्यावर लावा सगळे."

"अवं, अन् पेटी?" व्हायोलिनवाली दीपाली घाबरली.

"पेटी आज बोलणार नाही. लीडर सांगून राहिली."

पेटीवर बसायचा तो भगवंतरावांचा पुतण्या, रोशन. "मंग मी काय करू?"

"बोटं फिरव. भात्याले हात लावू नको."

"काकानं पाह्यलं तं?"

"पाहूनच राहतील. ऐकलं कधी हाये त्यांनी?"

रोशनला वाईट वाटलं नाही. तेवढीच मेहनत वाचली.

पडदा सरकला. भगवंतराव पहिल्या रांगेत, नजर पेटीवरच्या नावावर. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळी वाद्यं एका सुरात लागली. हिमानी ताल देत राहिली. बासरीची जागा आली, तेव्हा सोळा मात्रा तिनं रिकाम्या मोजल्या.

टाळ्या थांबल्यावर भगवंतराव स्टेजवर चढले.

"वा रे रोशन! माह्या पेटीनं मैदान मारलं!" मग हिमानीकडे वळून म्हणाले, "अन् तुझं फुंकणं नव्हतं म्हणून सारं सुरात झालं, बाई. आता तूच राहा लीडर, कायमची."

"मी तेच सांगून राहिलो होतो, साहेब," सुखदेव सर म्हणाले.

दीपालीनं तोंड उघडलं. हिमानीनं तिचा हात दाबला. सूर कळायला कान लागतो. तो यांना आपण कुठून आणून देणार?

वाद्यवृंदाचं सामान लीडरनं न्यायचं, असा रिवाज होता. सौंसरच्या बसमध्ये रोशन खिडकीला डोकं टेकून घोरू लागला. हिमानीनं पेटी मांडीवर घेतली, नावाची बाजू पोटाकडे केली आणि वर बासरी ठेवली. खड्ड्याखड्ड्याला ती घरंगळायची. हिमानीनं तळवा ठेवून तिला धरून ठेवलं, सौंसर येईपर्यंत.