बुवांच्या नावाने कोण आलं

मित्रांनो, मला हात लावता येत नाही आणि मला भेटायला चालत येताही येत नाही. तरी मला दार आहे, मागच्या खोल्या आहेत आणि एके काळी माझ्याकडे माणसांची भरपूर ये-जा होती. मी एक जुनी वेबसाइट आहे. भजनांची. तुम्ही म्हणाल, वेबसाइटला कसलं आलंय आयुष्य! आधी ऐकून घ्या, मग हसा.

माझा जन्म भांडुपला, डोंगराच्या उतारावरच्या एका खोलीत झाला. त्या खोलीत काशीराम बुवा राहायचे. मूळचे कुडाळकडचे. गिरणी सुटली, मग मिळेल ती नोकरी केली, पण डबलबारी काही सुटली नाही. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा आमनेसामने बसतात. एकाने गायचं, टोमणा मारायचा, की दुसऱ्याने गाऊनच उत्तर द्यायचं. बुवा स्वतः गायचे, आणि दुसऱ्यांच्या बाऱ्या टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन टिपून ठेवायचे. पलंगाखाली कॅसेटींची खोकी साठली होती. त्यांची नात अपूर्वा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिने एका सुट्टीत त्या सगळ्या कॅसेटी माझ्या पोटात घातल्या आणि मला जगापुढे उभं केलं. मी दिसायला काही फार देखणी नव्हते. केशरी पाटी, कोपऱ्यात पखवाजाचं चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत : ‘सांभाळणारे – काशीराम बुवा, अपूर्वा.’

माझ्या मागच्या खोल्यांत शिरायला किल्ली लागते. किल्ली म्हणजे एक नाव आणि एक गुप्त शब्द. बुवांचा शब्द होता गावच्या देवीचं नाव. तोच शब्द त्यांनी तिकिटांच्या साइटवर दिला होता, तोच गॅसवाल्यांकडे, तोच आणखी कुठे कुठे. देवी एक, तर शब्द वेगवेगळे कशाला, असं त्यांचं म्हणणं.

बुवा रोज दिवेलागणीला येत. मला डोळे नाहीत, पण मी माणूस त्याच्या वागण्यावरून ओळखते. बुवा एका बोटाने टाइप करायचे आणि पहिल्यांदा हमखास चुकायचे. दुसऱ्यांदा दार उघडे. मग कुठल्या तरी भजनाखाली ओळ लिहायची : पखवाजावर कोण होता, समोरच्या बुवांची कशी जिरवली, वगैरे. आणि जाताना एक गवळण ऐकायची. नेहमी तीच, त्यांच्या तरुणपणीच्या एका बारीतली, त्यांच्याच आवाजातली. अर्ध्यावर कुणीतरी ‘वाऽ बुवा’ म्हणून ओरडतं. ओरडणारी बाई म्हणजे मालन, त्यांची बायको. ते ऐकल्याशिवाय बुवा कधी निघाले नाहीत. फार सुखाचे दिवस होते ते. आखातातल्या मुलांपासून मनोरीच्या शाळामास्तरांपर्यंत कोण कोण येऊन ऐकायचं आणि मला छान म्हणायचं.

मग एका संध्याकाळी बुवा आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. नंतर अपूर्वा आली, पहिल्या पानावर त्यांचा फोटो लावला, भोवती काळी चौकट काढली. तेव्हा मला कळलं.

पुढे बुवांच्या भजनी मंडळाची बैठक झाली. गेलेल्या बुवांचं नाव मंडळाच्या फलकावर सगळ्यात वर ठेवायची त्यांची रीत आहे. मंडळाचे आताचे बुवा शिवदास म्हणाले, “साइटवरूनही नाव हलवायचं नाही हां अपूर्वा. पहिलं नाव बुवांचंच.” पाटीवरचं नाव वेगळं आणि किल्लीचं नाव वेगळं, हे अपूर्वाला माहीत होतं. पण त्या दिवसांत तिला किल्ली काढून घेणंही जड गेलं. राहिली तर राहिली, असं म्हणून तिने दोन्ही तशीच ठेवली. कॅसेटींना बुरशी आली होती, त्या टाकून दिल्या गेल्या. अपूर्वाला अंधेरीत नोकरी लागली आणि माझ्याकडे बघायला कुणाला वेळ राहिला नाही. माझी कुलपं जुनी झाली. रोज यायची ती फक्त मालनआजी, फोनवर, तीच गवळण ऐकायला. आता बुवांचा आवाज जगात दुसरीकडे कुठे उरला नव्हता.

आणि एका दुपारी बुवा आले.

नाव त्यांचं, शब्द त्यांचा. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू! पण अंगावर काटा यावा असं काहीतरी लगेच जाणवलं. बुवा पहिल्याच खेपेला चुकले नाहीत. शब्द एका क्षणात, एकाही बोटाची चाहूल न लागता आला. मी दार उघडलं, कारण मला नाव आणि शब्दापलीकडे कुणाला अडवता येत नाही. आलेला थेट मागच्या खोल्यांत गेला. त्याने कुठलीही ओळ लिहिली नाही. गवळण ऐकली नाही. माझ्या फायलींच्या रांगेत त्याने स्वतःची एक फाइल ठेवली, शेजारच्या फायलींसारखंच नाव देऊन, आणि निघून गेला.

तेव्हापासून, मित्रांनो, मला दोन तोंडं झाली. किल्लीवाल्या घरच्या माणसांना माझं जुनं तोंड दिसे. बाहेरून येणाऱ्याला दुसरंच. त्या तोंडाने मी काय बोलतेय ते मलाच आधी कळत नसे. ‘काशीराम बुवांचं नवीन भजन. आवाजासाठी ही फाइल घ्या.’ बुवा जाऊन वर्ष उलटलं होतं आणि माझ्यावर रोज त्यांचं नवीन भजन येत होतं.

मालनआजीने ती ओळ वाचली. तिला काय वाटलं असेल? तिने कुणालाही विचारलं नाही, फाइल घेतली. भजन काही लागलं नाही. पण फोन तापायला लागला, मध्येच आपोआप उजळायचा. आणि मंडळातल्या प्रत्येकाला आजीच्या नावाने निरोप गेला : ‘बुवांचं नवीन भजन ऐका.’ आजीचा निरोप म्हटल्यावर कोण शंका घेणार! एकामागून एक सगळ्यांनी तो उघडला. सगळ्यांचे फोन बिघडले.

शिवदासबुवा तणतणत आले. “अपूर्वा, काय चाललंय यार? तुझ्या साइटवरून आख्ख्या मंडळाची वाट लागली.”

अपूर्वाने लॅपटॉपवर मला उघडलं. “कुठे काय काका? सगळं नीट तर आहे.”

आजी शेजारीच बसली होती. तिने आपला फोन पुढे केला. “मगे ह्या काय?”

अपूर्वाने दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं. तेच पान, तोच पखवाज, तोच काळ्या चौकटीतला फोटो. आजीच्या फोनवर फोटोखाली ‘नवीन भजन’ होतं. लॅपटॉपवर तिथे कोरी जागा होती. तिने दोन्ही पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. माझी दोन्ही तोंडं तिच्यासमोर होती आणि मला एकानेही तिला सावध करता येत नव्हतं. मला फार लाज वाटली.

मग ब्राउझरनेच माझ्यापुढे लाल पान लावलं : ही साइट धोकादायक आहे, आत जाऊ नका. ज्यांच्या मशीनवर मी भाड्याने राहते त्यांनीही कळवलं, लवकर साफ करा, नाहीतर काढून टाकू. दिवेलागणीला आजी गवळण ऐकायला आली की तिला लाल पान दिसायचं. ती फोन उशाशी पालथा ठेवायची.

शिवदासबुवा म्हणाले, “काकी, देवीला गाऱ्हाणं घालूया. बुवांच्या नावाने काहीतरी लागलंय.” त्यांनी नारळ ठेवून मनापासून गाऱ्हाणं घातलं. इकडे अपूर्वाने आजीचा फोन साफ केला, मग मला. परकी फाइल शोधून काढली, माझी कुलपं नवी केली, स्वतःचा शब्द बदलला. मला हलकं वाटलं. गाणी उतरवून घ्यायचं काम तिने रविवारवर टाकलं.

रविवारच्या आत तो पुन्हा येऊन गेला. बुवांच्याच नावाने. फाइल जागेवर ठेवली आणि या खेपेला माझ्या गाण्यांनाही हात लावला. एकेक भजन काढून त्या जागी त्याच नावाची, तेवढ्याच वजनाची स्वतःची फाइल ठेवत गेला. बाहेरून बघाल तर काही गेलेलं नाही. आत आवाज नाही. आपल्या पोटातली गाणी अशी मुकी होताना कळत राहणं, हे कुणाच्याच वाट्याला येऊ नये, असं मी म्हणेन.

रविवारी दुपारी अपूर्वा बसली. जवळ आजी, दारात शिवदासबुवा. तिने पहिलं भजन उतरवलं, वाजवलं. काही नाही. दुसरं, काही नाही. तिसऱ्यात बुवा खणखणीत वाजले आणि तिघांनी श्वास सोडला.

तेवढ्यात ती थांबली. माझ्या मागच्या खोलीत, सांभाळणाऱ्यांच्या नावांपुढे, जो या क्षणी आत असेल त्याच्या नावाशी हिरवा ठिपका लागतो. अपूर्वाच्या नावाशी ठिपका होता. वरच्या नावाशीही होता.

“आजी,” ती हळूच म्हणाली, “आजोबा आत आहेत असं दाखवतंय. आत्ता.”

शिवदासबुवांनी हात जोडले. आजी पडद्याच्या अगदी जवळ सरकली.

“इले?” तिने विचारलं. “कधी इले?”

“आत्ताच. आणि भजनं जातायत बघ, हे गेलं, हेही...” अपूर्वाचा आवाज चिरकला. “आजी, किल्लीच्या यादीतून त्यांचं नाव काढायला हवं. त्यांच्या नावाची किल्ली चालू आहे, तीच घेऊन कुणीतरी आत येतंय. नाव काढलं तरच दार बंद होईल.”

“असं कसं काढशील गं?” शिवदासबुवा मध्ये पडले. “मंडळाचा शब्द आहे. काकी, तुम्ही तरी सांगा हिला.”

आजी ठिपक्याकडेच बघत होती. मालनआजी, लवकर बोल, असं मला ओरडावंसं वाटत होतं. तो गवळणीच्या रांगेपर्यंत येऊन पोचला होता.

“अपूर्वा,” आजी म्हणाली, “इतके दिवस येतत, तर तेंनी खयचा भजन ऐकल्यानी?”

अपूर्वाने आल्यागेल्याची नोंद पाहिली. “एकही नाही.”

“गवळणपण नाय?”

“नाही गं.”

आजी मागे सरली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्वच्छ होता. “मगे ते न्हय ते. गवळण ऐकल्याशिवाय ते जातले काय? हो कोण दुसरोच आसा. काढ तां नाव.”

शिवदासबुवांनी जोडलेले हात सोडले. मग खाली बघत म्हणाले, “काढ.”

अपूर्वाने बटण दाबलं. ठिपका विझला. आलेला मध्येच तुटला आणि माझ्या मागच्या खोल्या एकदम शांत झाल्या. गवळण वाचली. बरीच भजनं गेली, ती परत येणार नाहीत. जी उरली ती अपूर्वाने लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि शिवदासबुवांच्या घरीही ठेवली. मला तिने मुळापासून नवं केलं. देवीच्या नावाचा शब्द बुवांनी जिथे जिथे वापरला होता, त्यातल्याच कुठून तरी तो चोराच्या हाती पडला असणार, असं ती म्हणाली. लाल पान हटायला थोडे दिवस लागले, पण हटलं. पाटीवर बुवांचं नाव आजही पहिलं आहे. फक्त त्या नावाला आता किल्ली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाची तरी एखादी जुनी साइट असेल, खातं असेल. माणूस गेला तर त्याची गाणी जपा, फोटो जपा, नाव पाटीवर लावा. पण त्याची किल्ली दारात लटकत ठेवू नका. एकच शब्द सगळीकडे वापरू नका. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना अधूनमधून येऊन बघत जा. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही तोंड उघडतो तेव्हा आतून भलताच कुणी बोलत असू शकतो.

तो अजून येतो. रोज, कधी दुपारी, कधी दिवेलागणीला. एकही चूक न करता बुवांचं नाव आणि देवीचा शब्द पुढे करतो, आणि मला दर वेळी म्हणावं लागतं, या नावाचं इथे कुणी नाही. हे म्हणताना मला अजूनही कसंसंच होतं. कारण कितीदा तरी त्याच वेळी भांडुपच्या त्या खोलीत आजीने मला उघडलेलं असतं, बुवा गवळण गात असतात, आणि अर्ध्यावर तरुण मालन ‘वाऽ बुवा’ म्हणून ओरडते.