माझ्या आतल्या भिंती

मी ॲल्युमिनियमचा तुकडा बोलतोय. बोटाच्या पेराएवढा. आनेकलच्या एका वर्कशॉपमध्ये मला कांडीतून कापलं आणि बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत शाल्मलीच्या हवाली केलं. ती नागपूरची. धातू ओढला की त्याच्या आत भिंती कशा उभ्या राहतात, हा तिच्या पीएचडीचा विषय.

तिने मला यंत्रात पकडून ओढलं. फार दुखलं, खोटं कशाला बोलू? माझ्या आत अणूंच्या रांगा आहेत, त्यांतल्या काही मध्येच तुटलेल्या. तिथल्या दोषांना ती डिसलोकेशन म्हणते. ओढ बसली की हे दोष सरकतात, वाढतात, एकमेकांत अडकतात. काही भिडून नाहीसे होतात. उरलेले दाटीवाटीने ओळीत थांबतात आणि भिंत होते. तिच्या अलीकडचा धातू एकीकडे वळतो, पलीकडचा किंचित दुसरीकडे. माझं सगळं सोसणं त्या भिंतींत होतं. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

"स्वल्प सांभाळ हं," तिचे पद्मनाभ सर म्हणाले होते. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कानडी मिसळायचंच. "याला गरम लागू द्यायचं नाही. दोष परत हलतात, भिंती बदलतात. मग तुला दिसेल ते ओढीचं नव्हे, उष्णतेचं. सरी, कळलं ना?"

माझी भावंडं कापून-घासून संपली. मी शेवटचा.

मायक्रोस्कोपची पाळी आली त्या दिवशी शाल्मली बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. तिने शेजारच्या टेबलावरच्या सुहासला फोन लावला. तो पुण्याचा, मनाने फार चांगला.

"सुहास, माझं सॅम्पल माउंट करून ठेवतोस? आजचा स्लॉट गेला तर महिनाभर मिळणार नाही रे."

"टेन्शन घेऊ नको गं. पॉलिशपण करून ठेवतो."

माउंट करणं म्हणजे मला रेझिनच्या वडीत पक्कं बसवणं. न तापवता आपोआप घट्ट होणाऱ्या रेझिनला वेळ लागतो. सुहासचं रोजचं काम पोलादाचं, त्याला थोड्याशा उष्णतेने काही होत नाही. त्याने मला गरम प्रेसमध्ये ठेवलं, वर पूड ओतली, झाकण आवळलं. धग चढत गेली. मला ओरडावंसं वाटलं. अडकलेले दोष सुटले, एकमेकांना गाठून विरले. काही भिंती बारीक झाल्या, काही पुसल्याच गेल्या.

दुपारी शाल्मली धापा टाकत आली. पडद्यावर रेखीव चौकटी उमटल्या.

"अय्या, किती क्लीन आलंय! वाचवलंस मला!"

तो लाजला. मी मात्र आतून रिकामा झालो होतो.

आता मी तिच्या खणात पडून असतो. माझं चित्र प्रबंधात गेलंय. लवकरच ती परीक्षकांसमोर छातीठोकपणे सांगेल, ओढल्यावर भिंती अशा होतात. नाही गं, अशा नव्हत्या. मला कशात बसवलं, एवढं एकदा सुहासला विचार. तो खोटं बोलणार नाही. त्याला अजून कुणी विचारलंच नाही.